खर्चकपात की करवाढ? अमेरिकेच्या तुटीवरचे दोन उतारे

अमेरिकेचं राजकारण वाचणाऱ्या एका मैत्रिणीला निर्णय होत नव्हता: सरकारची तूट, म्हणजे उत्पन्नाहून जास्तीचा खर्च, कमी करायला रिपब्लिकनांची खर्चकपात बरी की डेमोक्रॅटांची करवाढ? घोषणा बाजूला ठेवून २०१३ कडे पाहू. त्या वर्षी दोन्ही औषधं पाजली गेली.

झळ कोणाला? जानेवारीत आयकराचा वरचा दर ३५ वरून ३९.६ टक्के झाला, पण एकट्या करदात्याच्या चार लाख डॉलरवरच्या उत्पन्नापुरता. (खरा चिमटा पगारावरच्या सोशल सिक्युरिटी (सरकारी पेन्शन योजना) करातली दोन टक्क्यांची सवलत संपल्याचा होता. तो साध्या नोकरदारालाही बसला.) १ मार्चपासूनची कपात मात्र आंधळी, सरसकट चालणारी कात्री होती. सुमारे ८५ अब्ज डॉलर, निम्मे संरक्षणातून. ती इतकी नकोशी वाटावी की दोन्ही पक्ष तडजोडीला येतील, असा २०११ च्या कायद्याचा हिशेब होता. तो फसला. कपातीपायी एप्रिलमध्ये हवाई वाहतूक नियंत्रकांना बिनपगारी रजा मिळाली, विमानं रखडली आणि काँग्रेसने (अमेरिकी संसदेने) आठवड्याभरात वाट काढली. ज्यांची ओरड मोठी नव्हती, त्यांना तशी सुटका मिळाली नाही.

टिकाऊपणा? दोन्ही कच्चे. कपात त्याच डिसेंबरात सैल झाली, ३९.६ चा दर २०१७ च्या कायद्याने ३७ वर आणला.

सरकारी योजना शाबूत ठेवून पैसा हवा असेल, तर करवाढ. सरकारच आटोपशीर हवं असेल, तर कपात, पण कात्री कुठे चालवायची ते नाव घेऊन ठरवलेली.