रंगवलेलं पटल, दुमडलेलं पटल की पॅच क्लॅम्प?

आयन चॅनेलवर, म्हणजे पेशीच्या पटलातून आयन आत-बाहेर सोडणाऱ्या प्रथिनांच्या दारांवर, एमएस्सीचा प्रकल्प, कॉलेज रत्नागिरीचं, हातात सहा महिने आणि त्यातले चार पावसाचे. माझं मत आधीच सांगून टाकते: लिपिडचं, म्हणजे पेशीच्या पटलात असतात तसल्या स्निग्ध रेणूंचं, कृत्रिम पटल घ्या, तेही जुन्या पद्धतीचं, रंगवलेलं.

पॅच क्लॅम्पची ऐट मोठी. नेहर आणि साकमन यांनी १९७६ मध्ये तो दाखवला, १९९१ मध्ये नोबेल मिळवलं. काचेच्या बारीक नळीचं टोक पेशीला घट्ट चिकटवायचं आणि चॅनेल त्याच्या स्वतःच्या घरात बघायचं. शेजारची प्रथिनं त्याला कशी वागवतात हाच तुमचा प्रश्न असेल, तर हेच करा. पण पेशी जगवणं म्हणजे तान्हं मूल सांभाळणं. रात्रभर वीज गेली की इन्क्युबेटरमधली महिन्याची मेहनत पाण्यात.

रंगवलेलं पटल म्युलर, रुडिन आणि सहकाऱ्यांचं, १९६२ सालचं. टेफ्लॉनच्या पेल्याला पाव मिलिमीटरचं छिद्र, दोन्हीकडे क्षाराचं पाणी, क्लोराइड चढवलेल्या चांदीच्या दोन तारा आणि एक चांगला अँप्लिफायर. डेकेन या द्रावकात विरघळवलेलं लिपिड ब्रशने छिद्रावर ओढायचं. आधी मिरकरवाड्याच्या जेटीपाशी पाण्यावर डिझेलचे दिसतात तसे रंग दिसतात. मग एक काळा ठिपका उगवतो आणि पसरत पसरत सगळं छिद्र काळं करतो. घाबरू नका, फाटलेलं नाही. पटल आता जेमतेम पाच नॅनोमीटर जाड उरलंय, त्यामुळे त्याच्या दोन्ही पृष्ठांवरून परतणारा प्रकाश एकमेकाला खोडतो. आता ग्रॅमिसिडिन टाका, पटलात स्वतःच चॅनेल बनवणारं प्रतिजैविक, अगदी नावापुरतं. दोन बाजूंचे दोन रेणू मधोमध जुळले की प्रवाह पायरी चढतो, सुटले की उतरतो. पायरी असते दोनेक पिकोअँपिअरची. पहिली दिसली तेव्हा माझा चहा निवून गेला होता.

दुमडलेलं पटल मोंटाल आणि म्युलर यांचं, १९७२ चं. दोन्हीकडच्या पाण्यावर लिपिडचा एकेक थर, पाणी छिद्राच्या वर चढवलं की थर जुळतात. डेकेन नाही म्हणून पटल पातळ, ग्रॅमिसिडिन जास्त वेळ उघडं राहतं, शिवाय दोन बाजूंना वेगवेगळी लिपिडं ठेवता येतात. बिनद्रावकाचं म्हणतात खरं, पण छिद्राच्या कडेला हेक्साडेकेन किंवा व्हॅसलीन लावावंच लागतं. माझे दोन महिने यातच गेले.

आषाढात फ्रीज बंद पडला तेव्हा आमचं सोयाबीनचं लिपिड जुन्या खोबऱ्यासारखं खवट झालं. डायफायटॅनॉइल या दुसऱ्या लिपिडच्या साखळ्यांत हवेने खवट होणारे दुहेरी बंध नाहीत, ते टिकलं. तेच मागवा. दमट खारी हवा जोडण्यांवर बसली की प्रवाह गळतो, म्हणून सिलिका जेलही ठेवा.

पटलाची खरी अडचण वेगळीच: शुद्ध केलेलं चॅनेल त्यात सुलटं बसलं की उलटं, कळत नाही. सोडियम चॅनेल असेल तर केंड माशाचं विष कामी येतं. हे विष, टेट्रोडोटॉक्सिन, चॅनेलला फक्त बाहेरच्या बाजूने बंद करतं, म्हणजे ज्या पेल्यात टाकल्यावर प्रवाह थांबला, चॅनेलचं बाहेरचं तोंड तिकडे. (विष रीतसर परवानगीने विकत घ्यायचं. मालवणहून केंड आणून सोलत बसायचं नाही.)