थंडीत न गोठलेलं खोबरेल

मी परभणीत घरीच शिवणकाम करते. ब्लाऊज टाकायला येणाऱ्या बायकांशी रोजचं बोलणं, रोजचा चहा. ह्या प्रकरणात मी एकटी फसले असते तर गप्प बसले असते. पण मी त्यांनाही सोबत घेऊन फसले, म्हणून लिहितेय.

दिवाळीच्या आधी आमच्या भिशीत एक बाई आल्या. परक्या नव्हत्या, आमच्यातल्याच एकीची मावसबहीण. पिशवीतून तीन बाटल्या काढल्या: बदाम, खोबरेल, एरंडेल. "ताई, फेसवॉश बंद करा, नुसतं केमिकल असतं त्यात. तेलानं तोंड धुवायचं." तिथंच एकीच्या कोरड्या चेहऱ्याला तेल चोळलं, गरम पाण्यात पिळलेला नॅपकिन ठेवला आणि पुसून दाखवला. नॅपकिनवर काजळाचा आणि मळाचा काळा पट्टा. "अगं बाई!" सगळ्या एकदम.

आता ही पद्धत काही थोतांड नाही. काजळ, लिपस्टिक, घामात मिसळलेला तेलकट थर पाण्याला दाद देत नाही, तेलात मात्र सुटतो. अभ्यंगाला आधी तेल चोळून वर उटणं लावतो, त्यातलाच हा प्रकार. खोटं होतं ते बाटलीतलं.

शंभर मिलीला १५० रुपये. "दहा बाटल्या खपवल्या तर बाटलीमागं २० तुमचे." हे लिहायला लाज वाटते, पण माझी अक्कल तिथंच गहाण पडली. पंधरा दिवसांत मी बावीस बाटल्या विकल्या. धाकट्या जावेला तर तिघी मैत्रिणींसाठीही घ्यायला लावल्या.

बदामाच्या तेलाला पेढ्याच्या दुकानासारखा गोड वास होता. मला तो शुद्धपणाचाच वाटला! आठवडाभरात नाकाच्या दोन्ही बाजूंना पुरळ उठली, पापण्या लाल झाल्या. फोन केला तर म्हणाल्या, "टॉक्सिन बाहेर पडायलेत ताई, बंद करू नका." मी अजून तीन आठवडे चोळत राहिले. त्वचेच्या डॉक्टरांनी बाटली उघडून फक्त हुंगली आणि म्हणाले, हा वास वरून घातलेला आहे. सगळं बंद केलं, मग चेहरा निवला.

तरी संशय बाटलीवर गेला नव्हता. आपलीच कातडी नाजूक, असं मी म्हणत होते.

मग जानेवारी आला. परभणीची थंडी बाहेरच्यांना सांगून खरी वाटत नाही, पारा दहाच्या खाली जातो. एका सकाळी फळीवरचं घरातलं खोबरेल काढायला गेले तर दगड झालेलं, चमच्याच्या दांड्यानं उकरावं लागलं. त्याला खेटून ह्या बाईंचं "लाकडी घाण्याचं शुद्ध खोबरेल" उभं. तिरपं केलं तर पाण्यासारखं वाहिलं.

पुन्हा फोन. उत्तर तयारच होतं: "आमच्यात केमिकल नाही ना, म्हणून गोठत नाही." क्षणभर पटलंसुद्धा! पण साधं घाण्याचं खोबरेल २४ अंशांच्या खाली घट्ट व्हायला लागतं, त्यात केमिकल असण्या-नसण्याचा काय संबंध?

तिन्ही बाटल्या घेऊन घाण्यावर गेले. तिथल्या काकांनी बदामाचं थेंबभर तळहातावर चोळलं. "ताई, हे अत्तराचं तेल हाय, बदामाचं न्हाई." मग हिशेब मांडला. बदामात तेल जवळपास निम्मं, घाण्यातून सगळं उतरत नाही. किलोभर तेलाला अडीच किलो बदाम लागणारच. आठशेचा भाव धरला तरी शंभर मिलीत नुसते बदामच पावणेदोनशेच्या वर गेले, मजुरी आणि बाटली वेगळीच. मग तुम्हाला दीडशेत कोण देईल? एरंडेलाला तर हिशेबही लागला नाही. त्यांनी आपली बाटली उलटी केली, पाकासारखं सावकाश उतरलं. माझं टपटप गळलं.

त्यांच्या मते हे लिक्विड पॅराफिन. पेट्रोलियमपासून निघतं, स्वस्त, रंग नाही, वास नाही, गोठत नाही, खवट होत नाही. ते काही विष नव्हे, बेबी ऑइलमध्येही असतं, फक्त तिथं बाटलीवर तसं छापलेलं असतं. माझ्या बाटलीवर एक हिरवं पान, "१००% नॅचरल" आणि मोबाईल नंबर. बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, बॅच नंबर, परवाना क्रमांक, कधीपर्यंत वापरायचं, ह्यातलं काहीच नाही. सौंदर्यप्रसाधनांवर हे सगळं कायद्यानं लागतं, आणि शिवणाऱ्या बाईनं, जी कापडाची कड बघितल्याशिवाय मीटर घेत नाही, तिनं लेबल वाचलंच नव्हतं.

बिल कधी मागितलं नव्हतं. फोनपेवरून पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट तेवढे होते, तेच जोडून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली आणि अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात अर्ज दिला. बाईंचा नंबर आता लागत नाही. आमच्यातली त्यांची मावसबहीणही भिशीला येत नाही, तिचाही बिचारीचा पैसा अडकलाय म्हणतात.

सगळ्यात राग आला तो एका गोष्टीचा. "परभणी कुसुम" हा करडीचा वाण इथल्याच कृषी विद्यापीठाचा. करडीच्या मुलखात राहून मी पिशवीतल्या बदामाला भुलले. आता घाण्यावरून, डोळ्यांसमोर निघालेलं करडीचं तेल आणते, चमचाभर तेलात दोन-चार थेंब एरंडेल. तेही आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस थांबले, मगच तोंडाला. पुटकुळ्यांच्या चेहऱ्याला खोबरेल मात्र नको, छिद्रं बुजतात.

बावीस बाटल्यांचे पैसे मी हप्त्याहप्त्यानं परत करतेय. काही जणी शिलाईत वळते करून घेतात. जाऊ पैसे घेत नाही आणि बोलतही नाही. माझ्याकडं राहिलेल्या चार बाटल्यांतलं तेल मशीनला घालते. मशीन इतकी हलकी कधी चालली नव्हती.