राइसचा तक्ता की फळ्यावरचे चार चौकोन?

हातातल्या कामांपैकी कोणतं आधी करायचं, हे ठरवायच्या या दोन पद्धती. इंटरकॉम या सॉफ्टवेअर कंपनीतून आलेलं राइसचं सूत्र या क्षेत्रात बहुतेकांना माहीत असतं: रीच (काम किती ग्राहकांपर्यंत पोचेल), इम्पॅक्ट (प्रत्येकाला किती फरक पडेल, याचा गुण) आणि कॉन्फिडन्स (या अंदाजांची खात्री) यांचा गुणाकार, भागिले एफर्ट (मेहनत, म्हणजे किती माणसांचे किती महिने). दुसरी पद्धत त्याहून साधी. फळ्यावर दोन रेघा, उभी फायद्याची, आडवी मेहनतीची, आणि कामांच्या चिठ्ठ्या. आमच्या सहा जणांच्या टीमने बिलिंग सॉफ्टवेअरच्या कामांसाठी दोन्ही मनापासून वापरल्या.

राइसमधला कॉन्फिडन्स हा रकाना मला खरंच मोलाचा वाटतो. आपण एखाद्या कल्पनेच्या प्रेमात पडलो की तो विचारतो, हे कशावरून? पण माझं मन उडालं ते नेमकं तिथेच. एका रिपोर्टचा हिशोब असा होता: तिमाहीत 400 ग्राहक, इम्पॅक्ट 1, कॉन्फिडन्स 50 टक्के, दोन माणूस-महिने. गुण 100. कुणीतरी म्हणालं, इम्पॅक्ट 2 धरू, आणि खात्री 80 टक्के तरी आहेच की. गुण झाले 320. काम अकराव्या जागेवरून थेट दुसऱ्या. त्या दहा मिनिटांत ग्राहकांबद्दल एकही नवी गोष्ट कळली नव्हती, आणि कुणी खोटंही बोललं नव्हतं. तरी आकडा तक्त्यात बसला की त्याच्याशी वाद घालणं अवघड जातं. असं तिमाहीमागून तिमाही होत राहिलं.

फळ्याची अडचण वेगळी. पहिल्याच दिवशी निम्म्या चिठ्ठ्या 'फायदा जास्त, मेहनत कमी' या कोपऱ्यात दाटीवाटीने बसतात. त्यावर आम्ही एक नियम केला: दोन चिठ्ठ्या एका उंचीवर नकोत. आधी सेल्स आणि सपोर्टवाल्यांनी फक्त वर-खाली लावायचं, मग कोड लिहिणाऱ्यांनी आडवं सरकवायचं, तेही टेस्टिंग आणि जुना डेटा नव्या रचनेत आणण्याचं काम धरून. तक्त्यासमोर गप्प बसणारा आमचा सपोर्टचा सहकारी इथे उठला, 'बिल रद्द केल्यावर स्टॉक परत येणे' ही चिठ्ठी दोन वीत वर नेली आणि म्हणाला, "याच्यासाठी मला रोज तीन फोन येतात." इम्पॅक्ट अर्धा की पाव, हे त्याला कधीच सांगता आलं नसतं.

यादी शंभराच्या घरात असेल, वापराची खरी आकडेवारी हाताशी असेल किंवा दुसऱ्या शहरातल्या वरिष्ठांना लेखी कारणं द्यायची असतील, तर राइस कदाचित बरं पडेल. सगळी टीम घरून काम करत असेल तर फळ्याची मजा थोडी कमी होते, हेही मान्य. पण चाळीसेक कामं आणि एका खोलीत मावणारी माणसं असतील, तर मी फळ्याकडेच जाईन. शेवटी त्याचा फोटो मात्र जरूर काढून ठेवा. पुढच्या तिमाहीत आडव्या रेघेवर आपण कुठे चुकलो, ते त्यातच दिसतं. आमच्याकडे दर वेळी चुकायचं ते जुन्या डेटाचं काम.