नाशिकमध्ये लेखन कार्यशाळा घ्यायची आहे: एक दिवसाचं शिबिर, आठ रविवार की मासिक कट्टा?

वाचनालय असो, सोसायटी असो की ज्येष्ठ नागरिक संघ, सगळ्या वयांसाठी लेखन कार्यशाळा घ्यायचं ठरलं की पहिली चर्चा पाहुण्यांच्या नावावर होते. ती शेवटी ठेवा. आधी मिनिटं मोजा. आलेल्या प्रत्येकाचं लेखन किती मिनिटं ऐकलं जाईल आणि सुधारून ते पुन्हा आणायची संधी त्याला मिळेल का, या दोन प्रश्नांवर कार्यशाळेचा प्रकार ठरतो.

नाशिकला ऐकणाऱ्यांची वाण कधीच नव्हती. इथलं सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं, गोदाघाटावरच्या वसंत व्याख्यानमालेने शंभरी ओलांडलेली, आणि २०२१च्या डिसेंबरात ९४वं अखिल भारतीय साहित्य संमेलनही इथेच झालं. अवघड आहे ते ऐकायला आलेल्याला वही उघडायला लावणं. म्हणून या गावात कार्यशाळेचं व्याख्यान व्हायला वेळ लागत नाही.

एक दिवसाचं शिबिर

सकाळी १० ते संध्याकाळी ५, चाळीस जण. कागदावर ४२० मिनिटं दिसतात. नोंदणी आणि उशिरा येणाऱ्यांची वाट पाहण्यात ३० जातात. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, सत्कार यांत ४५, जेवणात ६०, दोन चहांत ३०, प्रमाणपत्रं, आभार आणि फोटोंत आणखी ४५. उरली २१०. त्यात पाऊण-पाऊण तासाची दोन भाषणं घातली की १२०, म्हणजे माणशी तीन. तीन मिनिटांत जेमतेम ३०० शब्द वाचून होतात. त्यावर कुणी बोलायचं म्हटलं तर वेळ नाही.

हेच शिबिर वाचवता येतं. उद्घाटन दहा मिनिटांत उरका, भाषण एकच आणि वीस मिनिटांचं ठेवा, लिहायला ७५ मिनिटं द्या. १५० मिनिटं हाताशी राहतात. चाळीस जणांचे दहा-दहाचे चार गट चार कोपऱ्यांत बसवले, तर प्रत्येकाला पंधरा मिनिटं मिळतात. त्यासाठी मार्गदर्शक मात्र चार लागतील. चौघे मिळत नसतील तर प्रवेश वीसवर थांबवा.

तरीही शिबिरात दुसरा खर्डा होत नाही. परिसरात लिहिणारे कोण आहेत ते शोधायला आणि पुढच्या उपक्रमासाठी नावं गोळा करायला ते चांगलं. लिहायला शिकवणं त्याच्याकडून होत नाही.

आठ रविवार

आमचा कल इकडे आहे. बारा जण, दर रविवारी दोन तास. पहिल्या रविवारी ओळख आणि सराव. दुसऱ्यापासून सातव्यापर्यंत दर वेळी तिघांचं लेखन, म्हणजे १८ वाचनं. आठव्या रविवारी सराव गाळून सहा जण. एकूण २४, प्रत्येकाला बरोबर दोनदा. दुसरी पाळी पहिल्यानंतर किमान तीन आठवड्यांनी येईल असा तक्ता पहिल्याच दिवशी भिंतीवर लावा. नाहीतर आपलं वाचून झालेली मंडळी चौथ्या आठवड्यापासून दिसेनाशी होतात.

दोन तासांची विभागणी अशी: दहा मिनिटं स्थिरस्थावर व्हायला, वीस मिनिटं जागेवरचं लेखन, पंधरा मिनिटं त्यातल्या दोन-चार ओळी ऐकायला, मग तिघांना वीस-वीस मिनिटं (पाच वाचन, बारा चर्चा, तीन लेखकाचं उत्तर), शेवटी पुढच्या वेळचं काम. लेखन दोन पानांच्या आत हवं आणि त्याच्या प्रती सगळ्यांच्या हातात हव्यात. तिघांची दोन-दोन पानं, बारा प्रती: ७२ झेरॉक्स. पानाला दोन रुपये धरले तर १४४ रुपये. प्रत हातात नसेल तर चर्चा लेखनाऐवजी विषयावर जाते आणि पाण्याच्या कवितेवरून गंगापूर धरणाच्या साठ्यावर पोचते.

चर्चेच्या वेळी लेखकाने गप्प बसायचं, ही अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात १९३६ साली सुरू झालेल्या कार्यशाळेमुळे जगभर रुळलेली पद्धत. आपल्याकडे ती दोन ठिकाणी अडखळते. सत्तरीतले काका गप्प बसत नाहीत. ‘मला असं म्हणायचं होतं’ म्हणून सुरू झाले की दहा मिनिटं गेली. आणि विशीतली मुलगी त्यांना दोष सांगत नाही. ‘काका, खूप छान’ म्हणून मोकळी होते. उपाय चिठ्ठीचा. ऐकल्यावर प्रत्येकाने दोन ओळी लिहायच्या: लक्षात राहिलेली एक जागा आणि धागा सुटला ती एक जागा. मार्गदर्शक नावं न घेता चिठ्ठ्या वाचतो. वयाचा मान राहतो आणि सांगायचं तेही सांगून होतं. पहिल्या वाचनात ऱ्हस्व-दीर्घ काढायचे नाहीत, हे आधीच जाहीर करा. शुद्धलेखनाचा एक जाणकार प्रत्येक गटात असतोच आणि तो एकटा बारा मिनिटं खाऊ शकतो.

गळती साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सुरू होते. कारण बहुतेक वेळा एकच, दिलेलं काम झालेलं नसतं आणि रिकाम्या हाताने यायची लाज वाटते. ‘लिहिलं नसेल तरी या’ हे गटावर शनिवारी टाका. पूर्ण फुकट ठेवण्यापेक्षा थोडी अनामत घेऊन आठपैकी सहा रविवार आलेल्यांना ती परत करणं बरं.

मासिक कट्टा आणि ऑनलाइन गट

कट्ट्याला खर्च जवळपास नाही आणि तो वर्षानुवर्षं चालू शकतो. पण तिथे कविता वाढते आणि गद्य आटतं, कारण कविता दोन मिनिटांत होते आणि दाद लगेच मिळते. तेच चार-पाच जण दर महिन्याला वाचतात. नावांच्या चिठ्ठ्या टाकून वाचक काढा, सहा मिनिटांना घंटा वाजवा आणि दर तिसरा कट्टा फक्त गद्याचा ठेवा. आधीपासून लिहिणाऱ्याला कट्टा पुरतो. नवशिक्याला महिनाभराचा खंड मोठा पडतो.

सुरगाणा, कळवण, बागलाणकडच्या किंवा नोकरीसाठी पुण्याला गेलेल्या मंडळींना ऑनलाइनच सोयीचं. झूमची फुकट बैठक ४० मिनिटांत तुटते, गूगल मीटची तिघे किंवा जास्त असले की तासाभरात. तेव्हा दोन तासांचा आराखडा जसाच्या तसा उचलू नका. मीटवर ५० मिनिटं, दोघांचं लेखन, एवढंच. व्हॉट्सॲपवरचा लेखन गट पंधरवड्यात सुप्रभातच्या फुलांनी भरतो. ‘फक्त ॲडमिन संदेश पाठवू शकतील’ हे सेटिंग पहिल्याच दिवशी लावा. बारा वर्षांखालच्या मुलांसाठी मात्र ऑनलाइनचा विचार करू नये.

सगळी वयं एकत्र की वेगळी?

समित्यांचे खरे वाद इथे होतात. आठ वर्षांचं मूल आणि पंचाहत्तरीच्या आजी एका वर्तुळात बसू शकतात, पण पूर्ण दोन तास नव्हे. लहान मुलं वीस मिनिटांनंतर खुर्चीखाली जातात. जागेवरचं लेखन आणि त्याचं वाचन, हा पहिला पाऊण तास सगळ्यांचा ठेवा. चर्चेच्या वेळी बारा वर्षांखालच्यांना शेजारच्या खोलीत वेगळं काम द्या. तिथे किमान दोन मोठी माणसं हवीत, आणि फोटो काढण्यासाठी किंवा लेखन छापण्यासाठी पालकांची लेखी परवानगी.

एकत्र सरावासाठी असं काम निवडा की ज्यात वयाचा फायदा कुणालाच मिळत नाही. काना, मात्रा, वेलांटी, उकार काहीही न वापरता पाच वाक्यं लिहा: ‘मदन, घर बघ. नळ बघ. परत पळ.’ पहिलीतलं पोर इथे निवृत्त मुख्याध्यापकांच्या पुढे जातं, कारण त्याचं पहिलं पुस्तक अजून ताजं असतं. ‘माझी आई’, ‘पहिला पाऊस’ असले विषय मात्र टाळा. मुलं शाळेतला निबंध उतरवतात आणि मोठे आठवणी सांगत बसतात.

आजोबा-नातू किंवा आई-मुलगी एका जोडीत ठेवू नका. घरचं माणूस शेजारी असलं की मूल त्याच्याकडे बघून लिहितं आणि ते माणूस अक्षर सुधारत बसतं. सगळ्यात नाजूक वय १३ ते १६. ही मुलं बरंच लिहितात, पण ओळखीच्यांसमोर वाचत नाहीत. त्यांना नाव न घालता कागद देण्याची मुभा ठेवा.

ज्यांना लिहिणं जमत नाही किंवा हात थरथरतो त्यांचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करून दुसऱ्याने उतरवावं. मालेगाव-सटाण्याकडची मंडळी असतील तर अहिराणी येईल. उतरवताना तिची प्रमाण मराठी करू नका. उतरवलेलं पुन्हा त्यांनाच वाचून दाखवा आणि होकार आल्यावरच प्रत काढा. ज्येष्ठांच्या हातात द्यायचे कागद १६ पॉइंटच्या अक्षरात छापा.

जागा आणि तारखा

टिळकपथावरचं सार्वजनिक वाचनालय किंवा गंगापूर रोडचं कुसुमाग्रज स्मारक ही नावं पटकन सुचतात, पण नाशिकरोड-देवळालीच्या माणसाला दर रविवारी दोन्ही लांबच. आठ आठवड्यांचा उपक्रम असेल तर नावाजलेल्या जागेपेक्षा सहभागी लोकांना जवळची खोली बघा. शिबिराला हे फारसं लागू नाही, एक दिवस लोक येतात. जमिनीला ठोकलेली बाकं असलेला वर्ग घेऊ नका, वर्तुळ होत नाही. शेजारी मंगल कार्यालय असेल तर तारखा आधी विचारून घ्या. बँडपुढे कुणाचीच कविता टिकत नाही.

फेब्रुवारी-मार्च टाळलेले बरे. दहावी-बारावीच्या परीक्षा असतात, दिंडोरी-निफाडकडे द्राक्षांची काढणी असते, आणि २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनाच्या आसपास सभागृहं व मार्गदर्शक दोन्ही आधीच ठरलेले असतात. शाळा सुरू झाल्यापासून गणपतीपर्यंतचे, किंवा दिवाळीनंतरचे आठ रविवार सोयीचे. २०२७च्या ऑगस्ट-सप्टेंबरात सिंहस्थाची मुख्य स्नानं आहेत. त्या काळात पंचवटी आणि जुन्या नाशकात काहीही ठेवू नका.