मुलांचं हार्ट चेकअप पॅकेज: सुई हलकी, रिपोर्ट मोठ्यांचा

आमच्या ह्यांची ४४व्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली. तेव्हा हार्टच्या डॉक्टरांनी जाता जाता सांगितलं, 'वडिलांना पंचावन्नच्या आत त्रास झालाय, तर मुलांचं कोलेस्टेरॉल एकदा बघून घ्या.' आमच्या चौकातल्या लॅबमध्ये नेमकं 'स्कूल किड्स हार्ट पॅकेज' सुरू होतं, एकाला ₹१,६००. मुलगा दहाचा, मुलगी सातची. दोघांनाही घेऊन गेले.

रक्त घेणाऱ्या ताईंचा हात फार हलका. मुलगी सुई बघून दाराकडे पळाली होती, पण ताईंनी तिला 'तुमच्या मांजरीचं नाव काय गं?' विचारलं आणि नाव सांगून होईपर्यंत कापूस लावूनही झाला. याला पैकीच्या पैकी.

मग बीपी. पट्टा मोठ्या माणसांचा, एकच. मुलीच्या काडीसारख्या दंडाला त्याचे दोन वेढे बसले. ८२/५० आलं, तर 'लो आहे, मीठ-साखरेचं पाणी द्या' असा सल्ला! मी दोन दिवस पाजलंसुद्धा, काय सांगू. आमच्या बालरोगतज्ज्ञांनी लहान पट्टा लावून पाहिलं तर ९६/६०, म्हणजे ठणठणीत. मोठा पट्टा बारीक दंडावर आकडा कमीच दाखवतो म्हणाले.

खरी गडबड मुलाच्या रिपोर्टात. एकूण कोलेस्टेरॉल १८८, एलडीएल (म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल) १२३, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) १२०, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २१. एकही आकडा ठळक छापलेला नाही, खाली शेरा 'सर्व नॉर्मल'. घरी येताना मी पेढे घेतले. डॉक्टरांनी मात्र कागद बघून पेनच काढलं. छापलेल्या मर्यादा सगळ्या मोठ्यांच्या होत्या. मुलांमध्ये एकूण कोलेस्टेरॉल १७०च्या आत हवं, एलडीएल ११०च्या आत, आणि दहा वर्षांपुढे ट्रायग्लिसराइड ९०च्या आत. म्हणजे तिन्ही काठावर, 'नॉर्मल' आणि 'जास्त'च्या मध्ये. बीएमआय तर मुलांचा वय बघून तक्त्यावर मांडायचा असतो. तिथे ह्याचा ठिपका जास्त वजनाच्या रेषेच्या वर गेला.

औषध काही दिलं नाही. डब्यातली बिस्किटं आणि पाकिटातला ज्यूस बंद, रोज तासभर घाम येईल असं खेळायचं, आणि तीन महिन्यांच्या आत उपाशीपोटी पुन्हा तपासणी, मग दोन्ही तपासण्यांची सरासरी. (तासभर खेळ कुठे बसवायचा? साडेपाच ते सात क्लास. शेवटी क्लासच आठवड्यातून दोन दिवस कमी केला, सासूबाई अजून बोलत नाहीत.)

लॅबच्या काउंटरवर हे सगळं सांगितलं, तर 'मॅडम, सॉफ्टवेअरमध्ये तसंच येतं.' मग पॅकेजच्या नावात 'किड्स' कशाला?

पाचपैकी अडीच स्टार, त्यातले दोन त्या ताईंचे. पुढच्या महिन्यात मुलाचं रक्त त्यांच्याकडेच देणार आहे. बीपीला मात्र तिथे हात पुढे करणार नाही.