एएक्स १५०० राउटर: एक उन्हाळा, एक पावसाळा आणि मातीच्या जाड भिंती

चार अँटेना, वाय-फाय ६, सगळे पोर्ट गिगाबिट (१००० एमबीपीएसचे) आणि किंमत तीन हजारांच्या आसपास. या वर्गात चार-पाच कंपन्यांचे राउटर मिळतात आणि आतून ते इतके सारखे असतात की पुढचा बराचसा मजकूर कोणत्याही एकाला लागू पडावा. घर जळगावकडच्या नेहमीच्या बांधणीचं: वीस बाय पन्नासचा लांबट प्लॉट, पुढे हॉल, मध्ये स्वयंपाकघर, मागे धाब्याच्या (मातीचं सपाट छत आणि मातीच्या जाड भिंती असलेल्या) जुन्या दोन खोल्या, वर स्लॅबची एक खोली. फायबर १०० एमबीपीएसचं.

आधी खोक्यावरचा १५०० चा आकडा. त्यात ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याचे १२०१ आणि २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याचे ३०० एमबीपीएस मिळवलेले असतात. एका मोबाईलला एका वेळी त्यातला एकच पट्टा मिळतो. शिवाय या वर्गात २.४ चा पट्टा बहुधा जुन्या वाय-फाय ४ चाच असतो, दोन्हीकडे वाय-फाय ६ हवं असेल तर वरच्या वर्गातला एएक्स १८०० बघावा लागतो. १०० एमबीपीएसच्या घराला त्याने फारसा फरक पडत नाही. पोर्ट मात्र जरूर तपासा. फास्ट इथरनेटचा (१०० एमबीपीएसपर्यंतच जाणारा जुना) पोर्ट असेल तर पुढे २०० चा प्लॅन घेतला तरी हातात ९४-९५ च्या वर काही येत नाही.

रेंजचं म्हणाल तर अँटेनांची संख्या बघून कोणी फसू नये. प्रक्षेपणाची ताकद कायद्याने बांधलेली असते, सहा अँटेना लावल्या म्हणून भिंत पातळ होत नाही. आणि बोलणं दोन्ही बाजूंनी असतं. राउटरचा आवाज मागच्या खोलीत पोचला तरी मोबाईलचं क्षीण उत्तर परत पोचत नाही. म्हणून मोबाईलवर रेंजच्या दोन कांड्या दिसतात आणि व्हिडिओ कॉल अडकतो. कांड्यांपेक्षा वाय-फाय अॅनलायझरच्या अॅपमधला डीबीएमचा (सिग्नलच्या ताकदीचा) आकडा बघावा. उणे ५० म्हणजे उत्तम, उणे ६७ पर्यंत कॉल नीट चालतो, उणे ७५ ला तुटतुट, उणे ८० पलीकडे नाव दिसतं पण काम होत नाही. दर १० डीबी घटीला ताकद एक दशांश होते, हे लक्षात ठेवलं की भिंतींचा हिशेब कळतो.

हॉलमध्ये राउटर ठेवला की हॉल आणि स्वयंपाकघरात ५ गिगाहर्ट्झ बिनतक्रार चालतं. वरच्या खोलीत स्लॅबच्या सळयांमुळे ५ चा जोर कमी पडतो, २.४ कामापुरतं मिळतं. धाब्याच्या दीड-दोन फुटी भिंतीमागे मात्र ५ संपतं आणि २.४ ही रडतं. जागा बदलून हॉलच्या मागच्या भिंतीवर, पाच-सहा फूट उंचीवर टांगल्यावर स्वयंपाकघर आणि वरची खोली सुधारली, धाब्याच्या खोल्या नाही. लोखंडी कपाट आणि फ्रिज राउटरच्या आड येऊ देऊ नका. आपल्याकडची आणखी एक अडचण उन्हाळ्यात उभी राहते, ती म्हणजे कुलर. पत्र्याची बॉडी, आत पाणी, तीन बाजूंना ओल्या जाळ्या. हा डबा राउटर आणि खोलीच्या मध्ये आला की मार्चपर्यंत चांगली असलेली रेंज एप्रिलमध्ये पडते आणि दोष कंपनीवर जातो.

गरमीचं प्रकरण त्याहून गंभीर. बहुतेक राउटरच्या माहितीपत्रकात चालण्याचं तापमान ० ते ४० अंश दिलेलं असतं. भुसावळ-जळगावला मे महिन्यात बाहेरच पारा ४५ च्या आसपास असतो, पत्र्याखालच्या माळ्यावर तर विचारूच नका. लक्षणं ठरलेली: दुपारी एक ते पाच ५ गिगाहर्ट्झचं नाव गायब, कधी राउटर आपोआप बंद-चालू, संध्याकाळी सगळं ठीक. तक्रार करावी तर माणूस सकाळी येतो आणि त्याला काहीच बिघाड सापडत नाही. उपाय असा: माळ्यावरून खाली आणा, फायबरच्या डब्यावर (कंपनीने लावलेल्या मोडेमवर) राउटर ठेवू नका, टीव्हीच्या बंद कप्प्यात कोंबू नका, उभा टांगून चारी बाजूंनी हवा लागू द्या. उडती धूळ राउटरच्या जाळ्यांत बसते, ती महिन्यातून एकदा कोरड्या ब्रशने काढा.

धाब्याच्या खोल्यांसाठी शेवटी वायरच टाकावी लागते. बिनवायरी रिपीटर पुढच्या राउटरचा सिग्नल घेऊन तोच मागे फेकतो, त्यात एकाच पट्ट्यावर वेग साधारण निम्मा होतो. त्यापेक्षा घरातला जुना राउटर कॅट ६ च्या नेटवर्क वायरने मागे जोडावा. वायर शुद्ध तांब्याची घ्या, तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची नको. गिगाबिटला आठही तारा लागतात, एक जोडी सैल राहिली की जोडणी गुपचूप १०० वर उतरते. गच्चीवरून उघडी वायर नेली तर उन्हात आवरण तडकतं आणि वळिवाच्या विजांत पोर्ट जळतात. घरातूनच पाइपमध्ये न्या, विजेच्या वायरीपासून अंतर ठेवा.

मागच्या राउटरवर अॅक्सेस पॉइंट मोड चालू करा, म्हणजे तो पुढच्याचंच वाय-फाय मागे पुरवतो. तो नसेल तर आधी त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ सारखा वेगळा करा (पुढचा १९२.१६८.१.१ असेल असं धरून), मग डीएचसीपी (यंत्रांना आपोआप पत्ते वाटणारी सोय) बंद करा आणि वायर वॅनमध्ये (बाहेरच्या इंटरनेटच्या पोर्टमध्ये) न लावता लॅन (घरातल्या यंत्रांच्या) पोर्टमध्ये लावा. हा क्रम उलटा केला तर सेटिंगचं पान उघडताना नाकी नऊ येतात. नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे एकच, चॅनल मात्र वेगळे: पुढे १, मागे ११, ५ गिगाहर्ट्झला पुढे ३६, मागे १४९. २.४ च्या चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवा. दाट वस्तीत ४० ठेवून शेजाऱ्यांशी भांडण होतं, वेग वाढत नाही. ५२ ते १४४ मधले चॅनल रडारसाठी आधी कान देतात, म्हणून राउटर चालू झाल्यावर मिनिटभर नाव दिसत नाही. तो बिघाड नव्हे.

सीसीटीव्ही, स्मार्ट बल्ब आणि जुनी टीव्ही हे बहुधा फक्त २.४ वर चालतात. त्यांच्यासाठी २.४ ला ५ पेक्षा वेगळं नाव द्या (दोन्ही राउटरवर मात्र तेच) आणि सुरक्षा डब्ल्यूपीए२ वर ठेवा, डब्ल्यूपीए३ वर जुनी यंत्रं जोडली जात नाहीत.

अॅडॉप्टर हा या राउटरचा कमकुवत दुवा. रात्री व्होल्टेज हलल्यावर आपोआप रीस्टार्ट होत असेल तर आधी तोच बदलून बघा. नवा घेताना व्होल्ट तितकेच, अँपिअर तितके किंवा जास्त, पिनेची ध्रुवता (अधिक-उणे) तीच. १२ व्होल्ट दीड अँपिअरच्या जागी अर्ध्या अँपिअरचा स्वस्त अॅडॉप्टर लावला की दिवे लागतात, पण जड डाउनलोडला राउटर मान टाकतो.

भारनियमनासाठी १२ व्होल्टचा मिनी यूपीएस घेणार असाल तर त्यावर फायबरचा डबाही जोडा, नुसता राउटर चालू राहून उपयोग नाही. दोन आउटपुट आणि दोन्हींची बेरीज पुरेल इतके अँपिअर बघा. आत २००० एमएएचचे चार सेल असतील तर साधारण ३० वॉट-तास होतात, दोन्ही यंत्रं मिळून १२-१५ वॉट खात असतील तर जेमतेम दोन तास. हा डबाही माळ्यावर ठेवू नका, गरमीत सेल लवकर फुगतात.