डेस्कटॉपला हायब्रिड ड्राइव्ह की एसएसडी?

सीगेटची फायरकुडा हायब्रिड आणि सॅमसंगची ८७० इव्हो एसएसडी (फिरती डिस्क नसलेली, पूर्ण चिपवर चालणारी ड्राइव्ह), दोन्ही एकाच डेस्कटॉपवर वापरल्यात त्यामुळे स्पष्टच सांगतो, विंडोज टाकायची असेल तर डोळे झाकून एसएसडी घ्या. हायब्रिडमध्ये २ टीबीच्या फिरत्या डिस्कसोबत फ्लॅश (वेगवान मेमरी चिप) फक्त ८ जीबी असते, रोज लागणाऱ्या फाइली ड्राइव्ह हळूहळू ओळखून त्या फ्लॅशमध्ये ठेवते, म्हणून नेहमीचं क्रोम पटकन उघडतं पण नवीन गेम टाकला किंवा विंडोजचं मोठं अपडेट आलं की परत साधी हार्ड डिस्कच, कॅबिनेटमधून खरखर सुरू आणि टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के. एसएसडीत ही भानगडच नाही, साटावर (ड्राइव्ह केबलने जोडायची जुनी पद्धत) पण सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास वाचते आणि आवाज शून्य!

लग्नाचे व्हिडिओ, जुने फोटो असला ढीगभर डेटा असेल तर त्याला वेगळी साधी हार्ड डिस्क लावा, डेस्कटॉपमध्ये जागा असतेच की. हायब्रिडची खरी गरज लॅपटॉपवाल्यांना होती, तिथे एकच ड्राइव्ह बसायची. आणि हो, मदरबोर्डवर एम.२ स्लॉट (पट्टीसारखी एसएसडी थेट बसवायची खाच) असेल तर एनव्हीएमई (साटापेक्षा वेगवान प्रकारची एसएसडी) बघा, केबलची कटकट वाचते, फक्त तो स्लॉट एनव्हीएमईला चालतो का ते आधी मॅन्युअलमध्ये तपासा.